अंतेवासी

आबांना पाली येत नव्हती, पण त्यांना ती सगळी पाठ होती. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, सगळी वंदना त्यांनी एका छोट्या पुस्तिकेवरून तोंडपाठ केली होती. पुस्तिका परभणीहून कुणीतरी आणून दिलेली. तिचं वरचं पान कधीच फाटून गेलेलं, कडा घामानं काळ्या पडलेल्या, आणि तिची जागा म्हणजे आबांच्या टपालाच्या पिशवीतला आतला कप्पा. आबा, म्हणजे माझे वडील, सोनपेठला पोस्टमन होते. निजामाच्या काळात ते चार बुकं शिकले, तीही उर्दूत. नागरी अक्षरं त्यांनी मोठेपणी स्वतःची स्वतः गिरवली आणि नोकरीत पत्ते वाचता वाचता पक्की केली. त्यामुळे त्यांचं बोलणं शेवटपर्यंत थोडं खिचडीचं राहिलं. पाकिटाला लिफाफा म्हणायचे, अर्थाला मतलब. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात तीसचाळीस माणसं जमत, आणि आबा पुढे बसून एकेक ओळ सांगत. मागं म्हणणाऱ्यांतल्या कुणी विचारलंच की, 'पोष्टमनदादा, ह्याचा अर्थ काय हो?' तर आबा म्हणायचे, "आधी उच्चार साफ ठिवा. मतलब मागून यील." असं म्हणताना ते किंचित खाली बघायचे. मतलब त्यांनाही ठाऊक नव्हता हे सगळ्या वस्तीत बहुधा मला एकटीलाच माहीत होतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आबांची सायकल, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हींच्या मध्ये दाराऐवजी मायनं लावलेलं जुनं लुगडं. पहाटे त्या लुगड्याच्या पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि अलीकडून आबांचं पुटपुटणं. दोन्ही एका लयीत चालायचं. मला लहानपणी वाटायचं की माय आबांच्या वंदनेवर भाकरी थापते. ज्वारीची भाकरी, लसणाच्या फोडणीची अंबाडी, बाजाराच्या दिवशी कधी येसराची आमटी, आणि काहीच नसलं की जवसाची चटणी. माझ्या पाठीवरची दोन भावंडं जगली नाहीत. त्यामुळे घरात बोलायला आणि बोलून घ्यायला मीच. माझं नाव विमल, पण माय आणि आबा म्हणायचे इमल. आता माझी सत्तरी जवळ आली आणि मला इमल म्हणणारं कुणीही उरलेलं नाही. म्हणून ते इथं लिहून ठेवते.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात आबांना कुणीतरी सांगितलं की संस्कृत आलं की पाली आपोआप कळते. दोघी बहिणीबहिणी आहेत. ते त्यांच्या डोक्यात बसलं. आठवीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा ते डाक वाटायची सोडून, खाकी कपड्यातच शाळेत आले. हेडमास्तर म्हणाले, "संस्कृत कशाला पोरीला? शिवण द्या, पुढं उपयोगी पडतं." आबा टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "शिवण तिची माय शिकवती साहेब. संस्कृत आमच्या घरात कुनालाच येत न्हाई." हेडमास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्मवर सही केली. घरी येताना आबांनी मला सायकलवर पुढे बसवलं. एवढी मोठी झाल्यावर मला लाज वाटत होती. वाटेत ते म्हणाले, "तू शीक. मंग एकेक शब्द मला सांगत जा. मला घाई न्हाई."

संस्कृत शिकवायला टाकळीकर सर होते. बारीक अंगाचे, पांढरं धोतर आणि त्यावर काळा कोट, खिशात नेहमी कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या. त्यांच्या विद्वत्तेला सोनपेठात गिऱ्हाईक नव्हतं. वर्गात आम्ही अकराजण, त्यांतली दहा मुलं आणि मी. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक ओळ म्हणायला लावली. माझी पाळी आली आणि मी म्हणून खाली बसले. सर म्हणाले, "पुन्हा म्हण." मी म्हटली. "उच्चार कुठं शिकलीस?" मी म्हणाले, "वंदनेत." वर्गात कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्यापैकी एकाला तरी अशी जोडाक्षरं येतात का ते सांगा आधी."

त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी झाले. माझ्या 'हाय' आणि 'न्हाई'वर मात्र त्यांचा डोळा असे. त्यावरून ते एक जुनी गोष्ट सांगायचे. असुरांना शत्रूला 'अरि' म्हणून हाक मारायची होती, पण त्यांच्या तोंडून 'अलि' गेलं, आणि तेवढ्यानं ते लढाई हरले. "म्लेच्छ म्हणजे काय? अस्पष्ट बोलणारा. दुसरं काही नाही. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो." मी घरी जाऊन 'नाही' म्हणायचा सराव करायचे. माय म्हणायची, "काय करायलीस गं, घसा बसला का?"

सर बरीच वर्षं एक प्रबंध लिहीत होते. परक्या माणसांना जुन्या संस्कृतात काय काय शब्द होते, एवढाच विषय. त्याची स्वच्छ प्रत करून पुण्याला पाठवायची होती आणि त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांनाच लागत नव्हतं. माझं अक्षर चांगलं होतं. त्यांनी आबांना रस्त्यात गाठून विचारलं आणि आबांना आकाश ठेंगणं झालं. मग दर रविवारी वंदना आटोपली की मी सरांच्या घरी जायची. ओसरीवर चटई, तिच्यावर पाट, पाटावर दौत. सर आत खुर्चीत बसून एकेक पान पाठवायचे. दहाच्या सुमाराला सरांच्या पत्नी, काकू, पोहे आणून द्यायच्या, पळसाच्या पानावर. पानावर जेवण आमच्याकडे लग्नातच व्हायचं, त्यामुळे मला दर रविवारी आपला मान ठेवतात असं वाटे. मायला मी हे कौतुकानं सांगितलं तेव्हा तिनं भाकरी उलटली फक्त.

ते शब्द मात्र मला वेड लावायचे. यवन म्हणजे आधी नुसते समुद्रापलीकडच्या एका मुलखाचे लोक, मग पश्चिमेचं कुणीही, मग घोड्यावरून आलेलं कुणीही. शक, पह्लव, पारसिक, हूण, तुरुष्क. डोंगरातले ते किरात. बर्बर म्हणजे ज्याचं बोलणं नुसतं बरबर ऐकू येतं तो. सर म्हणायचे, "शब्द तोच राहतो बघ, आतली माणसं बदलत जातात. धर्मशाळेसारखं." खाण्याच्या वस्तूंनाही ही नावं होती. गव्हाला कोशात म्लेच्छभोजन म्हटलं आहे. लसणाला म्लेच्छकंद. मी हे मायला सांगितलं तेव्हा ती लसूणच सोलत होती. ती म्हणाली, "आन् ज्वारीला?" ज्वारीला यावनाल म्हणतात, आणि काहींच्या मते तीही यवनांकडूनच आली, असं सर म्हणाले होते. मायनं हातातली पाकळी खाली ठेवली. "मंग इथलं काय हाय गं? पाणी तरी हाय का इथलं?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. मायला एवढं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आणि खरंच पाली उघडायला लागली. सरणं म्हणजे शरणं. तस्स म्हणजे तस्य, त्याला. गच्छामि तर जसंच्या तसं, जातो. वेरमणी म्हणजे विरमणं, थांबणं, दूर राहणं. रोज संध्याकाळी आबा सायकल लावून पाय धुवायचे आणि विचारायचे, "आज काय मतलब लागला?" मी एक शब्द सांगायचे. जास्त सांगितले तर म्हणायचे, "एकच. एक पचू दे." पोस्टातून आणलेल्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीमागे ते तो लिहून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी डाक वाटताना आमच्या माणसांच्या दारात दोन मिनिटं थांबून सांगायचे. गावात कुणाच्याही उंबऱ्याच्या आत ते कधी गेले नाहीत, टपाल बाहेरूनच द्यायचं असतं. पण त्या वर्षी आमच्या वस्तीत ते घराघरात जाऊन बसायला लागले. रविवारी वंदनेत एखादी ओळ झाली की थांबून, खाली न बघता, म्हणायचे, "आता ह्याचा मतलब इमल सांगंल." मी उभी राहून सांगायची. माणसं माना डोलवायची आणि आबा म्हणायचे, "बघा, आपल्या भाषेत कुनी भायेरचं न्हाई." गयाबाई नावाची एक म्हातारी होती, कापूस वेचून पोट भरणारी. ती मला एकदा म्हणाली, "इतकी वर्सं नुसती फोलपटं चघळत होते बाई. आत दाना हाय म्हून आता कळलं." ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं. मी ते मोडलं.

सर मला लोकांपुढे 'माझी अंतेवासी' म्हणायचे. कुणी पाहुणा ओसरीवर आला की, "ही माझी अंतेवासी. असं अक्षर छापखान्यातही मिळणार नाही." मी अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, "अंते म्हणजे जवळ. गुरूजवळ राहतो तो. शिष्य." मी घरी येऊन आबांना तोच शब्द दिवसाचा शब्द म्हणून सांगितला. त्यांनी तो फॉर्मच्या पाठीमागे न लिहिता पुस्तिकेच्या आत, पहिल्या पानावर लिहिला. अंतेवासी विमल.

होळीनंतरच्या एका रविवारी सर कामासाठी परभणीला गेले होते. काकू म्हणाल्या, "ते सांगून गेलेत, गठ्ठ्यातली पुढची पानं तुझी तू काढून घे." त्यांनी आख्खा गठ्ठाच ओसरीवर आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. मी दोरी सोडली. मधल्या एका भागाला वेगळा कागद गुंडाळलेला होता आणि त्यावर सरांच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे प्रकरण वि.कडे देऊ नये.'

वि. म्हणजे मी, हे कळायला मला क्षणभरही लागला नाही. मी तो कागद काढला. प्रकरणाचं नाव होतं, ग्रामबाह्य. आतापर्यंत मी समुद्रापलीकडची आणि डोंगरापलीकडची माणसं उतरवली होती. ही माणसं गावाच्या कडेला राहत होती. बाह्य. अंत्यज. त्यांनी कुठे राहावं, कुठली भांडी वापरावी, कुणाचे उतरलेले कपडे घालावेत, गावात कुठल्या वेळी यावं, हे एकेका शब्दाखाली शांतपणे लिहिलेलं होतं, ज्या शांतपणे म्लेच्छकंद म्हणजे लसूण असं लिहिलं होतं. आणि त्या यादीत, तिसऱ्या की चौथ्या पानावर, अंतेवासी. एक, गुरूजवळ राहणारा, शिष्य. दोन, गावाच्या शेवटी राहणारा, अस्पृश्य. अंत म्हणजे जवळही आणि शेवटही.

काकूंनी पोहे आणून ठेवले. मी पानाकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे, आणि मला आठवलं की या घरात सर कशात खातात हे मी आतून येणाऱ्या वाटीच्या आवाजावरून वर्षभर ऐकत आलेय. मी रडले नाही. मी दौतीचं झाकण उघडलं आणि ते प्रकरण उतरवायला घेतलं. सगळं. एकही काना-मात्रा चुकू दिली नाही. इतकं सुंदर अक्षर मी त्याआधी काढलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. दुपार कलली तेव्हा शेवटचं पान वाळवलं, माझी प्रत गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवली, आणि त्यावर सरांचा तो कागद, अक्षरं वर करून. पोहे तसेच होते.

सोमवारी मधल्या सुटीत सरांनी मला वर्गातच थांबवून घेतलं. मुलं डबे घेऊन लिंबाखाली गेली होती. त्यांच्या हातात माझी पानं होती.

"अक्षर सुंदर आलंय," ते म्हणाले. मग पानं टेबलावर ठेवली. "हे मी तुला दिलं नव्हतं, विमल."

"हो सर."

"मग कशाला लिहिलंस?"

"प्रत पुरी व्हायला पाहिजे होती. नाहीतर मधलं प्रकरण दुसऱ्याच्या अक्षरात आलं असतं."

त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. "तुला वाईट वाटेल म्हणून बाजूला ठेवलं होतं गं. हे आता कोशातले शब्द. मेलेले. मेलेल्या शब्दाचं काय एवढं?"

"सर, तुम्ही मला अंतेवासी म्हणायचात, ते कुठल्या अर्थानं?"

"अगं शिष्य. दुसरा कुठला?" ते म्हणाले. पण म्हणायच्या आधी ते थांबले होते. अगदी थोडं. पन्नासएक वर्षं मी त्या थांबण्याचा विचार करतेय. दुसरा अर्थ त्यांना हाक मारताना माहीत होता का? कोश करणाऱ्या माणसाला माहीत नसेल असं कसं होईल? का माहीत असूनही त्यांच्या मनात तो कधी माझ्याशी जोडलाच गेला नाही? तो माणूस वाईट नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि त्यामुळेच कुठे धरून राग काढावा ते कळत नाही.

माझं गप्प राहणं त्यांना सहन झालं नसावं. त्यांचा आवाज एकदम वर्गात शिकवतानाचा झाला. "आणि असे शब्द एकट्या संस्कृतात आहेत असं समजू नकोस. तुमच्या पालीतही आहे. मिलक्ख. म्लेच्छचंच रूप. जिथं उपदेश पोचत नाही अशा कडेच्या मुलखात, मिलक्खांत जन्म येणं हे दुर्भाग्य, असं मानलेलं आहे तिथंही. दाखवतो तुला." त्यांनी माझ्याच पानाच्या पाठीमागे तो शब्द लिहून दिला. मला लागलं ते 'तुमच्या'. वर्षभरात त्यांनी मला तुमच्या असं कधी म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात आबा रोज संध्याकाळी विचारायचे आणि मी रोज काहीतरी जुनंच सांगून वेळ मारून न्यायची. आबांच्या लक्षात आलं असणार, पण त्यांनी टोकलं नाही. माझ्या आत तो कागद जळत होता. राग सरांवर होता, पोह्यांच्या पानावर होता, त्या दोन आकड्यांवर होता, एक आणि दोन. पण तो कुणावर काढावा? सरांपुढे मी तोंड उघडू शकत नव्हते. ज्याच्यापुढे उघडू शकत होते असा माणूस जगात एकच होता.

रविवारी विहार भरलेला होता. बाजूच्या गावाहूनही काही माणसं आली होती, पोष्टमनदादांची पोरगी मतलब सांगती हे ऐकून. पंचशील झालं. आबा म्हणाले, "आता इमल सांगंल. आज नवा शब्द हाय का गं?" त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं. मी उभी राहिले. मला सुख म्हणता आलं असतं, मंगल म्हणता आलं असतं.

"मिलक्ख," मी म्हणाले.

"ह्यो आपल्या वंदनेत न्हाई," आबा म्हणाले.

"वंदनेत नाही. पण पालीत आहे. संस्कृतात म्लेच्छ तोच. परका, अडाणी, कडेचा माणूस. ज्याला शिकवून उपयोग नाही असा. त्यांच्यात जन्म येणं वाईट असं पालीतही लिहिलंय." मी 'नाही' अगदी शुद्ध म्हटलं, तो हकार मला अजून ऐकू येतो. "आबा म्हणतात आपल्या भाषेत कुणी बाहेरचं नाही. आहे. तिथंही आहे."

पत्र्यावर एक पाखरू चालत होतं त्याचे पाय ऐकू येत होते. मग गयाबाई म्हणाली, रागानं नव्हे, अगदी विचारावं तसं, "म्हंजी पोरी, तिथंबी कुनीतरी भायेरच हाय का?"

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं ते चिडतील, मला खाली बसवतील, म्हणतील की पोरीला कळत नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना माझं खरं वाटलं होतं. तेच फार वाईट झालं. माझ्या शिक्षणावर त्यांचा एवढा विश्वास होता की मी जे म्हणाले ते त्यांनी जसंच्या तसं घेतलं. ते म्हणाले, "वंदना पुरी करू." त्यांनी पुढची ओळ सुरू केली आणि मध्येच अडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागून कुणीतरी शब्द पुरवला.

घरी मायनं मला हात लावला नाही, पण जेवायला वाढताना तेवढंच म्हणाली, "भायेर कुनी मारलं तर घरी येऊन बापाला मारायचं असतंय का?" तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. तिला पळसाच्या पानावरूनच सगळं कळलेलं होतं, माझ्या कितीतरी आधी.

त्या संध्याकाळी आबांनी पाय धुतले आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कधीच नाही. वंदना ते सांगत राहिले, पण पुन्हा पहिल्यासारखी, एका सुरात, आणि कुणी मतलब विचारला तर नुसती मान हलवायचे. बाजूच्या गावची माणसं परत आली नाहीत. आमचीही हळूहळू कमी झाली. गयाबाई शेवटपर्यंत येत राहिली, पण माझ्याशी ती त्या विषयावर कधी बोलली नाही. मी सरांच्या घरी जाणं बंद केलं, नववीला संस्कृत सोडलं आणि शिवण घेतलं. हेडमास्तरांनी काही विचारलं नाही.

त्यानंतर एकदा टाकळीकर सर आमच्या वस्तीकडे आले होते. वस्तीच्या तोंडाशी, चिंचेजवळ, उभे राहिले आणि एका पोराबरोबर निरोप धाडला. आबा गेले. मी दारातून बघत होते. आमचं घर तिथून चाळीसेक पावलांवर. सर दोनतीनदा घराकडे बघत होते, एकदा त्यांनी पाऊलही उचललं असं मला वाटलं. मायनं चहाचं आधण ठेवलं होतं. पण ती चाळीस पावलं त्यांना चालवली नाहीत. आबा परत आले, म्हणाले, "सर रडायलेते. भला मानूस हाय." आधण मायनं उतरवून ठेवलं.

पुढे मी बारावी करून परभणीला पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आबा सायकलला तेल घालत होते. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "आबा, त्या दिवसाचं..."

"तू लबाड बोललीस का?" ते म्हणाले.

"न्हाई."

"मंग झालं." बराच वेळ ते साखळी फिरवत राहिले. "पोष्टमननं लोकाचा लिफाफा पोचता करायचा असतोय. फोडून वाचायचा नसतोय. मीच वाचाया गेलो."

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ते नंतर आलं. आबा गेल्यावर चार वर्षांनी परभणीत एका शिबिरात एका वयस्क भंतेंना मी तो शब्द विचारला. ते म्हणाले, शब्द आहे, नाकारता येणार नाही, त्या काळच्या माणसांचा तो. पण त्याच धम्मात असंही सांगितलेलं आहे की प्रत्येकानं आपापल्या बोलीत शिकावं, कुणाची बोली वर्ज्य नाही. मुळात वंदना शुद्धच म्हटली पाहिजे असा काही अट्टहास नव्हता. एवढंच होतं ते, दोन वाक्यांचं. आबांना पुरलं असतं का? मला नाही वाटत. पण त्यांनी ते फॉर्मच्या पाठीमागे लिहून घेतलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी दोनचार दारांत तरी सांगितलं असतं. त्या माणसाच्या हातून मी ते सांगत फिरणं काढून घेतलं, आणि ज्यांच्यावर माझा राग होता त्यांच्या घरातली एक वाटीही हलली नाही.

आता मी परभणीतच राहते. निवृत्त होऊनही दहा वर्षं होत आली. जवळच्या विहारात पौर्णिमेला जाते, मागं भिंतीला टेकून बसते, गुडघे दुखतात. मागच्या महिन्यात एक तरुण मुलगी, शिक्षिका आहे कुठल्याशा शाळेत, वंदना झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात वही होती. म्हणाली, "मावशी, तुमी शाळेत असताना संस्कृत शिकलाव म्हनं. ह्या ओळींचा अर्थ सांगता का मला? एकेक शब्द सांगितलात तरी चालंल."

मी वहीकडे पाहिलं. पहिल्या ओळीतले सगळे शब्द मला येत होते.

"न्हाई बाई," मी म्हणाले. "मला न्हाई येत ते."

तिनं वही मिटली, माझ्या हाताला हात लावला, आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला उठून गेली.